वाडगा महाग करा, रांग विकू नका

जपानमध्ये रामेनच्या वाडग्यापुढे एक भिंत उभी आहे. ‘सेन-एन नो काबे’, हजार येनांची भिंत, असंच तिला इथे म्हणतात. वाडगा नऊशे ऐंशीला मिळाला तर गिऱ्हाईक गुमान पैसे टाकतं. एक हजार वीस झाला की कपाळाला आठ्या. रामेन म्हणजे कामावरच्या माणसाचं दुपारचं जेवण, त्याला चार आकडी भाव शोभत नाही, हे इथे दोन-तीन पिढ्यांच्या मनात पक्कं बसलंय. आणि हाच माणूस त्याच वाडग्यासाठी ऑगस्टच्या उन्हात फुटपाथवर तासभर उभा राहतो. त्याबद्दल त्याची काही तक्रार नसते.

मी मूळची कोल्हापूरची, पेशाने कॉस्ट अकाउंटंट, आणि गेली बरीच वर्षं टोकियोच्या निशी-कासाईत राहते. आकडे दिसले की मांडून बघायची खोड आहे. तर हा हिशेब बघा. टोकियोतलं किमान वेतन ऑक्टोबर 2024 मध्ये तासाला 1163 येन झालं. म्हणजे जो तासभर रांगेत थांबला त्याने, अगदी किमान वेतनाच्या दराने धरलं तरी, वाडग्याच्या किमतीहून जास्त मोलाचा वेळ दुकानात पाऊल टाकायच्या आधीच घालवला. त्यातला एक येनही मालकाच्या गल्ल्यात पडत नाही. गिऱ्हाइकाने दिलं, मालकाला मिळालं नाही, असा हा विचित्र खर्च आहे, आणि तो कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

मालकाच्या वहीत मात्र जे लिहिलं जातं ते बरं नाही. तेइकोकु डेटाबँक ही इथली संस्था दिवाळखोरीच्या नोंदी ठेवते. 2024 मध्ये रामेनची दुकानं चालवणारे 72 व्यवसाय बुडाल्याची नोंद तिच्याकडे झाली. तोवरचा तो उच्चांक होता. आदल्या वर्षीचा आकडा 53. युक्रेनच्या युद्धानंतर गहू महागला, आणि जपानचा बहुतेक गहू बाहेरूनच येतो. डुकराचं मांस, गॅस, वीज, पगार, सगळं चढलं. वर जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या आणि दारातलं तिकिटाचं यंत्र त्या ओळखेना. ते बदलायचा किंवा दुरुस्त करायचा खर्च छोट्या दुकानदाराच्या अंगावर आला. (त्या नव्या हजाराच्या नोटेवर शिबासाबुरो कितासातो आहेत. 1894 मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक. नंतर तीनच वर्षांत पुण्यात प्लेग आणि रँडसाहेब काय काय करून गेले, ते मराठी माणसाला सांगायला नको. मला ती नोट यंत्रात सरकवताना दर वेळी हे आठवतं आणि मग भूक जरा कमी होते.)

आता या सगळ्यावर 2024 पासून एक तोडगा निघालाय. टोकियोतल्या काही नावाजलेल्या रामेन दुकानांनी मोबाइलवरून पाचशे येनांच्या आसपास जास्तीचे पैसे भरून रांग टाळायची सोय सुरू केली. वाडग्याची किंमत आहे तीच. भिंत शाबूत. फक्त ज्याच्याकडे वेळ कमी आणि पैसे जास्त, त्याने वेगळ्या दाराने यायचं. तोडगा चतुर आहे हे मला हिशेबनीस म्हणून मान्य आहे. जेवणारी म्हणून तो मला साफ नामंजूर आहे, आणि का, ते सांगायला जरा दुकानात शिरावं लागेल.

माझं एक ठरलेलं दुकान आहे, तोशिमा वॉर्डातल्या एका गल्लीत. नाव सांगणार नाही. तिथे आधीच पुरेशी माणसं आहेत. आत दहा खुर्च्या, सगळ्या एका काउंटरला लागून. टेबल नाही, त्यामुळे चौघांचा घोळका शिरला तरी चौघं चार ठिकाणी बसतात. दोघं स्वयंपाकी आणि एक मुलगी. रांगेचे नियम भिंतीवर चिकटवलेले: शेजारच्या न्हाव्याच्या दारासमोर उभं राहू नका, मित्राची जागा धरू नका, सगळे आल्याशिवाय रांगेत लागू नका. बाहेर वीस-पंचवीस माणसं उभी असतात आणि आवाज जवळजवळ नसतो. पुढच्याने पाऊल टाकलं की मागच्याने टाकायचं. दारापाशी पोचलात की यंत्रातून तिकीट काढायचं. डावीकडचं सर्वांत वरचं बटण म्हणजे बहुधा दुकानाचा मानाचा वाडगा. नवख्याने डोळे मिटून तेच दाबावं.

आत गेलं की बॅग ठेवायला पायाशी टोपली. काउंटरवर चॉपस्टिक्सचा डबा, पाण्याची सुरई, आणि एका छोट्या वाटीत केस बांधायची रबरं. ही रबरं मला फार आवडतात. वाडग्यावर वाकून जेवताना लांब केस पुढे येतात, हे कुणा पुरुष मालकाच्या लक्षात आलं आणि त्याने दहा-वीस येनांची ती वाटी तिथे ठेवली. ग्राहकसेवेवर आमच्या कंपनीत दिवसभराची सेमिनारं होतात, त्यांत इतकं शहाणपण मी कधी ऐकलेलं नाही.

मग समोर जे चालतं ते बघत बसायचं. रिकाम्या वाडग्यात आधी ‘तारे’ पडतं, म्हणजे सोया सॉस किंवा मिठाचा दाट अर्क. वर चमचाभर वासाचं तेल. मग उकळतं सूप. दुसऱ्या हाताला नूडल्सची जाळी उकळत्या पाण्यातून वर येते, दोन झटके, पाणी निथळलं, नूडल्स वाडग्यात. चॉपस्टिक्सने त्या एकदा उचलून घडी घातल्यासारख्या बसवायच्या. मांसाचे काप, बांबूच्या कोंबाचा तुकडा, चिरलेली पात. सगळं मिळून मिनिटभर. या नूडल्सच्या पिठात ‘कान्सुई’ नावाचं खाराचं पाणी असतं, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं. पापडाच्या पिठात आपण खार घालतो, त्याच जातीचं हे प्रकरण. त्यानेच नूडल्सना पिवळेपणा आणि दाताखाली चिवट उसळी येते. पण ती उसळी गरम सुपात फार टिकत नाही. दहा मिनिटं फोटो काढत बसलात तर तुम्ही दुसराच पदार्थ खाता.

म्हणून इथे कुणी रेंगाळत नाही. आवाज करत सुर्र सुर्र ओढायचं, भाजलेल्या जिभेची पर्वा करायची नाही, आणि सात-आठ मिनिटांत वाडगा रिकामा. तो उचलून स्वतःच काउंटरच्या वरच्या कट्ट्यावर ठेवायचा, समोरचं फडकं घेऊन आपली जागा पुसायची, ‘गोचिसोसामा’ म्हणायचं आणि निघायचं. टिप नाही. पहिल्या वेळी मला हे सगळं फार तुटक वाटलं होतं. चार वेळा गेल्यावर उमगलं की ही घाई मालकासाठी नाही, दाराबाहेरच्या माणसासाठी आहे. मी तासभर थांबले आहे, म्हणून थांबणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी लवकर उठते. दहा खुर्च्यांचं दुकान दुपारी तीन तासांत नव्वदएक माणसं जेवू घालतं ते या समजुतीवर. स्वयंपाकी कितीही हुशार असो, गिऱ्हाइकाने कोपर टेकून गप्पा मारायच्या ठरवल्या तर ते दुकान महिनाभरात बंद पडेल.

ही समजूत पैशाने विकत घेतलेली नाही. पैसा मधे आला की ती जाते, हे मी पाहिलंय. एका दुसऱ्या प्रसिद्ध दुकानाबाहेर, पावसात, माझा नंबर लागायची वेळ आली होती. छत्रीच्या काड्यांवरून पाणी पाठीत उतरत होतं. तेवढ्यात एक जोडपं आलं, मोबाइल दाखवला, आत गेलं. रांगेत कुणी चकार शब्द काढला नाही. टोकियोत काढत नाहीत. पण नंतर आत माझ्या शेजारी बसलेला माणूस वाडगा संपल्यावरही शांतपणे फोन बघत बसला होता. फडक्याला त्याने हात लावला नाही. तो त्या जोडप्यातला नव्हता, माझ्याच रांगेतला होता. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं मला माहीत नाही. मला मात्र पहिल्यांदाच तिथे उगाच दोन मिनिटं जास्त बसावंसं वाटलं.

आता हिशेबाकडे. दुपारच्या नव्वद वाडग्यांत समजा सहा जणांनी पाचशे येन भरून रांग टाळली. तीन हजार येन. ते सगळेच्या सगळे मालकाला मिळाले असं धरू. त्याऐवजी प्रत्येक वाडगा नुसता पन्नास येनांनी वाढवला असता तर साडेचार हजार मिळाले असते, शिवाय रांगेतल्या चौऱ्याऐंशी जणांचा पोटशूळही टळला असता. मग मालक पन्नास का वाढवत नाही? कारण भिंत. किंमत सगळ्यांना दिसते, रांगेतला अन्याय फक्त रांगेत उभ्या असलेल्यांना दिसतो. आणि इंटरनेटवर तारे वाटणारे लोक ‘महाग झालं’ असं लिहितात, ‘मला मागे ढकललं’ असं सहसा लिहीत नाहीत.

भाव न वाढवण्याचं मोल शेवटी पानातच दिसतं, हे मी घरी बघत वाढले. माझ्या आईची राजारामपुरीत घरगुती खानावळ होती, बहुतेक कॉलेजची पोरं, महिन्याची कुपनं. भाव वाढवायचा विषय निघाला की आई म्हणायची, ‘‘पोरांच्या घरून पैसे वाढून येणार आहेत का?’’ भाव तोच राहायचा. मग एका उन्हाळ्यात भाजीची वाटी लहान झाली. पुढच्या वर्षी बुधवारच्या मटणात पांढऱ्या रश्श्याला हाडं कमी आणि नारळाचं दूध जास्त. पोरांना कळत होतं, आईला कळत होतं, कुणी बोलत नव्हतं. मी आज टोकियोत मांसाचा काप आरपार दिसण्याइतका पातळ झालेला बघते तेव्हा त्या मालकाने रात्री वहीसमोर बसून काय ठरवलं असेल ते मला अगदी शब्दशः कळतं. सुपाचंही तेच. डुकराच्या हाडांचा पांढरा दाट तोन्कोत्सु करायचा तर हाडं तासन्‌तास खळाखळा उकळत ठेवावी लागतात, गॅस चालूच. तिथे काटकसर केली की पहिल्या घोटात कळते.

पर्यटकांचा मुद्दा मला लोक सांगतात. 2024 मध्ये जपानला 3 कोटी 68 लाखांहून जास्त परदेशी माणसं आली, येन स्वस्त, त्यांना पाचशे येन म्हणजे काहीच नाही, घेऊ दे की त्यांच्याकडून. डिस्नेलँडनेही 2022 पासून पैसे भरून पाळण्यात आधी बसायची सोय केलीच आहे. असू दे. पाळण्यात बसायला माणूस वर्षातून एकदा जातो, हौस म्हणून. रामेन मंगळवारचं जेवण आहे. आणि पर्यटकाकडूनच पैसे काढायचे तर त्याच्यासाठी जास्त टॉपिंगचा दोन हजारांचा वाडगा ठेवा. तसे ठेवतातही. तो हौसेने घेईल, फोटो काढेल, आणि माझ्या मागेच उभा राहील. त्याला माझी काही हरकत नाही.

म्हाताऱ्या माणसांनी, लेकुरवाळ्या बायांनी तासभर कसं उभं राहायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर याच शहरात एका रामेनवाल्याने देऊन ठेवलंय. सुगामो हा भाग म्हाताऱ्यांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. तिथे ‘त्सुता’ नावाचं नऊ-दहा जागांचं दुकान युकी ओनिशी चालवत. डिसेंबर 2015 मध्ये मिशेलिनने त्याला एक तारा दिला. रामेनच्या दुकानाला असा मान मिळण्याची जगातली ती पहिली वेळ. गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा टोकन निघालं: सकाळी यायचं, हजार येन अनामत ठेवायची, वेळेप्रमाणे रंगीत चिठ्ठी घ्यायची, आणि घरी जायचं. आपल्या वेळेला परत आलं की अनामत परत. इथे कुणी वेळ विकला नाही, नुसता वाटून दिला. आजीबाई चिठ्ठी घेऊन भाजी आणायला जाऊ शकत होती. ओनिशी 2022 मध्ये फार लवकर गेले. त्यांची ट्रफल घातलेली सोया रामेन लोकांच्या लक्षात आहे. मला त्यांच्या रंगीत चिठ्ठ्या जास्त मोलाच्या वाटतात.

रामेन आणि रांग यांचं नातं जुनं आहे. असाकुसातलं ‘राईराईकेन’ 1910 मध्ये निघालं, योकोहामाच्या चिनी वस्तीतून स्वयंपाकी आणून. मालक जपानी, हात चिनी, गिऱ्हाईक शहरात नव्याने आलेला कामगार. महायुद्धानंतर तांदूळ मिळेना आणि अमेरिकेचा गहू येत राहिला, तेव्हा गाड्यांवरच्या नूडल्सनी लोकांना जगवलं. ओसाकात स्टेशनामागच्या काळ्या बाजारात थंडीत कुडकुडत एका रामेनच्या गाड्यासमोर उभी असलेली रांग मोमोफुकु आंदो यांनी बघितली, आणि ती आपल्या डोक्यातून गेली नाही असं ते पुढे सांगत. 1958 मध्ये त्यांनी झटपट शिजणारी चिकन रामेन बाजारात आणली. तीच पुढे जगभर पाकिटांतून गेली. भुकेल्यांची ती रांग संपवायला आंदोंनी एक कारखाना उभा केला. आज भरल्या पोटाची रांग टाळायला आपण पाचशे येन मागतो.

सासूबाई मिरजेहून आल्या तेव्हा त्यांना रामेन खिलवायचं म्हणून टोकियो स्टेशनात नेलं. त्या शाकाहारी, मासळीचा वाससुद्धा चालत नाही, आणि इथे बऱ्याच सुपांत सुका मासा असतोच. स्टेशनाच्या आत ‘टी’ज तानतान’ आहे, तिथे सगळंच वनस्पतीजन्य, तिळाचं दाट सूप. त्यांना तिळाचं ऐकून बरं वाटलं. बाहेर पंधरा-वीस माणसं होती. सूटबूट, शाळेची पोरं, एक भिक्खू, दोन युरोपियन.

‘‘अगं, इथे ओळखीचं कुणी नाही का तुमच्या?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘आई, ओळख असून काय होणार? नंबर लागेल तेव्हाच आत.’’

‘‘तो सूटवाला साहेब दिसतो. तोही थांबलाय?’’

थांबला होता. सासूबाईंनी पिशवीतून रुमाल काढून घाम पुसला आणि मग तक्रार न करता उभ्या राहिल्या. त्यांनी शिर्डीत पैसे भरून पासाचं दर्शन घेतलेलं आहे आणि पंढरपूरला बारीत रात्र काढलेली आहे, दोन्ही. रस्त्यात त्यांना मी विचारलं, कुठलं दर्शन लक्षात राहिलं? ‘‘शिर्डीचं पटकन झालं,’’ एवढंच म्हणाल्या, आणि मग पंढरपूरच्या बारीत पुढे कोण होतं, तिने दशम्या कशा बांधून आणल्या होत्या, पहाटे कुणाला चक्कर आली, हे निशी-कासाई येईपर्यंत सांगत राहिल्या. मी त्यातून काही सिद्ध करत नाही. रेल्वेचं तत्काळ तिकीट मीही काढते, आणि आजारी माणसाला घेऊन जाताना तर दहा वेळा काढेन. पण तिथे निदान गरज असते. नूडल्सच्या वाडग्याला तातडी कसली?

म्हणून माझं मालक मंडळींना सांगणं आहे की भाव वाढवा. बाराशे करा, तेराशे करा, यंत्राशेजारी कारण लिहा. गव्हाला इतके लागतात, हाडांना इतके, दुकानातल्या मुलीच्या पगाराला इतके. जपानी गिऱ्हाईक कुरकुरेल, पण ते आकडे वाचणारं गिऱ्हाईक आहे. ज्याला बाराशे परवडत नाहीत त्याच्यासाठी साधा, कमी टॉपिंगचा वाडगा असू द्या. बहुतेक दुकानांत तो असतोच. सगळ्यांकडून थोडं थोडं घेतलं तर कुणाला खाली मान घालावी लागत नाही.

माझ्या ठरलेल्या दुकानाने नुकतंच हे केलं. यंत्राशेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी लागली: मानाचा वाडगा 980 वरून 1100 येन. खाली नेहमीप्रमाणे चार ओळींची माफी. ऑफिसातले माझे एक सीनियर सहकारी बरोबर होते, पन्नाशी उलटलेले, विद्यार्थिदशेपासून याच भागात जेवणारे. चिठ्ठी वाचून त्यांनी दातांतून हवा आत ओढली. मग डावीकडचं वरचं बटण सोडून खालचं, बिनअंड्याच्या साध्या वाडग्याचं बटण दाबलं. माझ्यामागे रांग मोजली तर एकोणीस माणसं होती. त्यातलं कुणी चिठ्ठी वाचून परत गेलेलं मला दिसलं नाही. सहकाऱ्यांनी सात मिनिटांत वाडगा संपवला, सूपसुद्धा, फडक्याने जागा पुसली. बाहेर आल्यावर म्हणाले, काप पूर्वीसारखा जाड झालाय. आणि पुढच्या वेळी साडेअकरालाच निघू, आज फार थांबावं लागलं.